राजा कधीच मारला जात नाही

विद्यार्थिमित्रांनो, हा लेख वाचायला घेण्यापूर्वी बुद्धिबळाचा पट समोर मांडून घ्या. पट नसला तर वहीच्या पानावर आठ गुणिले आठ घरे आखा आणि मोहऱ्यांच्या जागी कागदाचे कपटे ठेवा. नुसते वाचून हा खेळ येत नाही. हात चालावा लागतो.

आरंभी एक जुनी आठवण सांगतो. मी नववीत असताना आमच्या शाळेत पावसाळ्यात बुद्धिबळाच्या आंतरवर्गीय स्पर्धा होत. अंतिम सामन्यात माझ्यासमोर दहावीतला एक मुलगा होता. डाव माझ्याकडे पुरता झुकला होता. त्याच्याकडे राहिला होता एकटा राजा आणि माझ्याकडे राजा व वजीर. त्याचा राजा पटाच्या कोपऱ्यात सापडला होता. त्याला जायला एकच घर मोकळे होते. मी वजीर एक घर पुढे सरकवला, ते शेवटचे घरही बंद केले आणि मोठ्याने म्हणालो, "मात!"

समोरचा मुलगा शांतपणे म्हणाला, "मात नाही. डाव बरोबरीत सुटला."

झाले! दोन्ही वर्गांची मुले गोळा झाली. "राजाला हलायला जागा नाही म्हणजे तो हरलाच," असे आमच्या वर्गाचे म्हणणे, "शह कुठे आहे?" असे त्यांचे. शेवटी आमच्या गणिताच्या सरांना बोलावले. त्यांनी पट नीट पाहिला आणि मला एकच प्रश्न विचारला, "तुझ्या वजिराने त्याच्या राजाला शह दिला आहे का?" मी पटाकडे पाहिले, आणि माझा चेहरा उतरला.

कोणाचे बरोबर होते आणि का, हे लेखाच्या शेवटी तुम्हांलाच ठरवायचे आहे. मात्र ते पाठांतराने नव्हे, तर भूमितीतले प्रमेय सिद्ध करतो तसे, नियमांवरून.

पटावरचा पत्ता

पटावर ६४ घरे असतात. ३२ पांढरी आणि ३२ काळी. पट असा ठेवायचा की प्रत्येक खेळाडूच्या उजव्या हाताच्या कोपऱ्यात पांढरे घर येईल. पांढरे मोहरे घेणाऱ्याच्या डावीकडून उभ्या ओळींना ए, बी, सी, डी, ई, एफ, जी, एच अशी नावे आहेत, आणि त्याच्या बाजूपासून आडव्या ओळींना १ ते ८ असे क्रमांक. उभी ओळ व आडवी ओळ जेथे छेदतात ते घर म्हणजे 'ई४', 'जी७' वगैरे. आलेखाच्या कागदावर तुम्ही बिंदूचे निर्देशक लिहिता, त्यातलाच हा प्रकार.

पहिल्या ओळीत ए१ पासून क्रमाने हत्ती, घोडा, उंट, वजीर, राजा, उंट, घोडा, हत्ती असे पांढरे मोहरे मांडतात. त्यांच्यापुढे दुसऱ्या ओळीत आठ प्यादी. काळ्याचे मोहरे समोरासमोर, म्हणजे आठव्या व सातव्या ओळींत. वजीर आणि राजा यांच्या जागांची अदलाबदल हमखास होते. त्यासाठी एवढेच ध्यानात ठेवा, की वजीर आपल्या रंगाच्या घरात उभा राहतो. पांढरा वजीर पांढऱ्या घरात (डी१), काळा काळ्या घरात (डी८).

पहिली चाल पांढऱ्याची. त्यानंतर आळीपाळीने एकेक. आपली पाळी सोडून देता येत नाही. ही बाब क्षुल्लक वाटते, पण ती विसरू नका. आमच्या भांडणाचे मूळ तिच्यातच होते.

मोहऱ्यांच्या चाली

हत्ती सरळ जातो. उभा किंवा आडवा, वाटेत अडथळा नसेल तर कितीही घरे. उंट तिरका जातो, तोही कितीही घरे. वजीर हत्ती व उंट या दोघांच्याही चाली चालतो. राजा कोणत्याही दिशेने, पण एकच घर. घोड्याची चाल अडीच घरांची, म्हणजे दोन घरे सरळ आणि मग एक घर बाजूला. फक्त घोड्यालाच मधल्या मोहऱ्यांवरून उडी मारता येते.

जेथे जायचे त्या घरात प्रतिपक्षाचा मोहरा असेल, तर तो उचलून पटाबाहेर ठेवायचा आणि त्याची जागा घ्यायची. यालाच मारणे म्हणतात. स्वतःचा मोहरा मारता येत नाही.

आता थोडे मोजू या. रिकाम्या पटावर मधोमध, डी४ या घरात हत्ती ठेवा. त्याला जाण्यासाठी किती घरे आहेत? चौदा. आता तोच हत्ती कोपऱ्यात ए१ वर ठेवा. पुन्हा चौदाच! हत्ती कोठेही ठेवा, त्याच्या उभ्या ओळीतली सात आणि आडव्या ओळीतली सात घरे त्याच्या माऱ्यात राहतात.

उंटाचे तसे नाही. कोपऱ्यात त्याला ७ घरे मिळतात, मध्यावर १३. घोड्याची स्थिती तर कोपऱ्यात फारच बिकट होते. तेथे त्याला दोनच घरे, तर मध्यावर आठ. मोहरे मध्याकडे आणावेत, असे जाणते खेळाडू का सांगतात, हे यावरून उमगेल.

चौसष्टही घरांवर मोजून सरासरी काढली तर ती अशी येते: हत्ती १४, उंट ८.७५, वजीर २२.७५, घोडा ५.२५. खेळाडू मोहऱ्यांची जी ढोबळ किंमत धरतात तीही पाहा: प्यादे १, घोडा ३, उंट ३, हत्ती ५, वजीर ९. हत्ती उंटापेक्षा वरचढ का, ते सरासरीवरून कळते. पण घोडा आणि उंट यांची किंमत सारखी कशी? उंटाला तर घोड्यापेक्षा कितीतरी अधिक घरे मिळतात!

याचे उत्तर घरांच्या रंगात आहे. तिरके चालणारा उंट ज्या रंगावर उभा असतो तो रंग डावभर सोडत नाही. त्यामुळे उरलेली ३२ घरे त्याला कायमची बंद असतात. घोडा मात्र प्रत्येक चालीला रंग बदलतो. पांढऱ्या घरावरून निघाला की काळ्यावर, तेथून पुन्हा पांढऱ्यावर. त्यामुळे त्याला पटावरचे कोणतेही घर अप्राप्य नाही. उंटाचा पल्ला आणि घोड्याचा संचार यांची अशी फिटंफाट होते.

प्यादे

प्यादे फक्त पुढे जाते, एकेक घर. पहिल्या चालीत मात्र हवे तर दोन घरे. मारताना ते सरळ मारत नाही. पुढच्या तिरक्या घरातला मोहरा मारते. समोर कोणी उभे असेल तर प्यादे अडून राहते.

चालत चालत शेवटच्या ओळीत पोहोचलेल्या प्याद्याला बढती मिळते. त्याच चालीत त्याच्या जागी त्याच रंगाचा वजीर, हत्ती, उंट किंवा घोडा ठेवावा लागतो. पहिला वजीर पटावर असला तरी दुसरा घेता येतो.

प्याद्याचा एक नियम नवशिक्यांना चमत्कारिक वाटतो. पांढरे प्यादे ई५ वर आहे. काळ्याने डी७ चे प्यादे एकदम दोन घरे चालवून डी५ वर आणले. ते एकच घर चालले असते, तर डी६ वर पांढऱ्याच्या तावडीत सापडले असते. अशा वेळी ते एकच घर आले आहे असे समजून पांढरे प्यादे डी६ वर जाऊन त्याला मारू शकते. मात्र लगेचच्या चालीत, नंतर नाही. या मारण्याला 'एन पासां', म्हणजे 'जाता जाता', असे फ्रेंच नाव आहे. दोन घरांची सवलत खेळाचा वेग वाढवण्यासाठी आहे, पहारेकऱ्याची नजर चुकवून निसटण्यासाठी नाही, असा या नियमाचा आशय आहे.

आपल्याकडील जुन्या देशी पद्धतीत प्यादे पहिल्या चालीतही एकच घर सरकत असे. बारीकसारीक नियम ठिकठिकाणी वेगळे असत. पंजाबातील मीर सुलतान खान हे असेच देशी पद्धतीने खेळ शिकलेले. युरोपी नियम त्यांनी मागाहून आत्मसात केले, आणि १९२९, १९३२ व १९३३ अशा तीन वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद पटकावले. 'फिडे' ही जागतिक बुद्धिबळ संघटना १९२४ साली पॅरिसमध्ये स्थापन झाली. आज जगभर तिचेच नियम प्रमाण मानतात.

सर्व नियमांचा राजा

आता गाभ्याकडे येऊ. आपल्या राजावर प्रतिपक्षाच्या मोहऱ्याचा मारा आला की राजाला 'शह' बसला असे म्हणतात. मूळ नियम असा:

कोणतीही चाल अशी असता कामा नये, की ती पूर्ण झाल्यावर आपलाच राजा शहात राहील.

भूमितीत जसे गृहीतक, तसा हा नियम समजा. पुष्कळशा इतर गोष्टी यातूनच आपोआप निघतात.

पहिली गोष्ट: राजा कधीच मारला जात नाही. त्याला मारण्याच्या एक पाऊल आधीच डाव संपतो.

दुसरी: दोन राजे कधीच लगतच्या घरांत येऊ शकत नाहीत. जो जवळ जाईल तो स्वतःहून शहात जाईल.

तिसरी: शह बसला की तो त्याच चालीत निवारला पाहिजे. त्याचे मार्ग तीनच. राजाने सुरक्षित घरात सरकणे, शह देणाऱ्या मोहऱ्याला मारणे, किंवा मध्ये आपला मोहरा आणून वाट अडवणे. घोड्याच्या शहाला तिसरा मार्ग चालत नाही, कारण घोडा उडी मारतो. एकाच वेळी दोन मोहऱ्यांचा शह बसला, तर राजाला हलावेच लागते. एका चालीत दोघांना मारता येत नाही की दोघांची वाट अडवता येत नाही.

चौथी: पांढरा राजा ई१ वर, त्याच्यापुढे ई२ वर त्याचाच उंट, आणि ई८ वर काळा हत्ती आहे. मधली घरे रिकामी. हा उंट हलला तर राजा हत्तीच्या शहात उघडा पडेल. म्हणून उंटाला हलताच येत नाही. तो जणू खिळला आहे.

यापुढचा प्रश्न मोठ्यांनाही चकवतो. हा खिळलेला उंट बी५ या घरावर मारा करतो. मधली घरे मोकळी आहेत. काळा राजा बी५ वर जाऊ शकेल काय? 'उंट हलूच शकत नाही, मग भीती कसली?' असे मनात येते. पण उत्तर 'नाही' असे आहे. खेळ राजा मारण्यापर्यंत चालला असता अशी कल्पना करा. काळा राजा बी५ वर येताच पांढऱ्याने उंटाने त्याला मारले असते आणि लढाई तेथेच संपली असती. नंतर हत्तीने पांढरा राजा मारून काय उपयोग? म्हणून खिळलेल्या मोहऱ्याचाही मारा खराच धरतात.

किल्लेकोट

राजाच्या सुरक्षिततेसाठी एक खास चाल आहे. राजा आपल्या जागेवरून हत्तीच्या दिशेने दोन घरे सरकतो, आणि तो हत्ती राजाला ओलांडून त्याच्या पलीकडच्या लगतच्या घरात बसतो. या चालीत आधी राजालाच हात लावावा. पांढऱ्याचा लहान बाजूचा किल्लेकोट झाला की राजा जी१ वर व हत्ती एफ१ वर येतो. मोठ्या बाजूचा झाला की राजा सी१ वर व हत्ती डी१ वर.

याच्या अटी अशा: राजा व तो हत्ती डावात एकदाही हललेले नसावेत. दोघांमध्ये कोणताही मोहरा नसावा. राजा शहात नसावा, राजा ज्या घरावरून जाणार ते घर शत्रूच्या माऱ्यात नसावे, आणि जेथे बसणार तेही नसावे. या शेवटच्या तिन्ही अटी राजाच्याच काळजीपोटी आहेत. हत्तीवर मारा आहे की नाही, हे कोणी विचारत नाही.

मात कशी ओळखावी?

शह बसला आहे, आणि वर सांगितलेल्या तीन मार्गांपैकी एकही मोकळा नाही, तर ती मात. डाव संपला. सर्वांत लहान मात पटावर मांडून पाहा. पांढऱ्याने एफ२ चे प्यादे एफ३ वर नेले. काळ्याने ई७ चे प्यादे ई५ वर. पांढऱ्याने जी२ चे प्यादे जी४ वर नेले. काळ्याने डी८ चा वजीर तिरका एच४ वर आणला. शह!

आता तीन प्रश्न विचारा. राजा हलू शकतो का? त्याच्याभोवतीचे एकच घर रिकामे आहे, एफ२. आणि ते वजिराच्या माऱ्यात आहे. वजिराला मारता येते का? एच१ चा हत्ती स्वतःच्याच प्याद्याने अडला आहे, आणि दुसरे कोणी तेथवर पोहोचत नाही. वाट अडवता येते का? मधल्या जी३ किंवा एफ२ वर येऊ शकेल असा मोहराच नाही. तिन्ही उत्तरे 'नाही'. म्हणून मात, तीही काळ्याच्या दुसऱ्याच चालीत! राजासमोरची प्यादी उगाच हलवू नयेत, हा धडा यात फुकट मिळतो.

पुन्हा त्या पटाकडे

आता आमच्या शाळेतली स्थिती मांडा. पांढरा राजा एफ६ वर, पांढरा वजीर जी५ वर, काळा राजा एच८ वर. पाळी पांढऱ्याची.

काळ्या राजाभोवती तीन घरे आहेत: जी८, जी७ आणि एच७. पहिली दोन वजिराच्या माऱ्यात आहेत. मोकळे आहे ते फक्त एच७. ते बंद करण्यासाठी मी वजीर जी६ वर नेला.

आता पाळी काळ्याची. जी८, जी७, एच७ ही तिन्ही घरे वजिराच्या माऱ्यात आली. राजाने कोठेही पाऊल टाकले तर मूळ नियम मोडतो. दुसरा मोहरा नाही. पाळी सोडता येत नाही. पण खुद्द एच८ वर मारा आहे का? जी६ वरचा वजीर सरळ जी८ कडे पाहतो आणि तिरका एच७ कडे. एच८ त्याच्या कोणत्याच रेषेत येत नाही. म्हणजे शह नाही. शह नाही म्हणून मात नाही. आणि नियमात बसेल अशी चालही नाही, म्हणून खेळ पुढे जाऊ शकत नाही. अशा कोंडीला 'स्टेलमेट' म्हणतात, आणि डाव बरोबरीत सुटतो. दहावीतला तो मुलगा बरोबर होता.

वजीर जी६ ऐवजी जी७ वर नेला असता तर? राजाला शह बसला असता. जी८ व एच७ ही घरे वजिराच्या माऱ्यात, आणि वजिराला मारावे तर त्याच्या पाठीशी एफ६ वरचा माझा राजा उभा. मधे वाट अडवायला घरच नाही. निखळ मात! एका घराच्या फरकाने मी जिंकलेला डाव घालवला होता.

कोंडीला बरोबरी मानणे ही काही निसर्गाची आज्ञा नव्हे; माणसांनी एकमताने ठरवलेला तो नियम आहे. इंग्लंडमध्ये एके काळी, सतराव्या-अठराव्या शतकांत, कोंडी करणारा खेळाडूच हरला असे मानत! त्या हिशेबाने तर मी अंतिम सामना चक्क हरलोच असतो. पण आजच्या नियमाने एक फायदा झाला आहे. हरत आलेल्या खेळाडूला शेवटपर्यंत आशा राहते, आणि जिंकत असलेल्याला शेवटपर्यंत सावध राहावे लागते.

बरोबरीची इतर कारणे थोडक्यात सांगतो. दोघांच्या संमतीने डाव बरोबरीत सुटतो. मात करण्याइतके बळच पटावर उरले नाही (उदाहरणार्थ, एका बाजूला राजा व उंट आणि दुसरीकडे नुसता राजा), तरीही सुटतो. एकाच खेळाडूची पाळी असताना तीच स्थिती तिसऱ्यांदा आली, किंवा दोघांच्या पन्नास-पन्नास चालींत एकही प्यादे हलले नाही व एकही मोहरा मारला गेला नाही, तर खेळाडूला बरोबरी मागता येते. आणि एक शिस्त: ज्या मोहऱ्याला हात लावला तोच चालवायचा. आधी विचार, मग हात.

इतके थोडे नियम, पण त्यांचा पसारा पाहा. पांढऱ्याला पहिल्या चालीसाठी २० पर्याय असतात. प्याद्यांचे १६ आणि घोड्यांचे ४. काळ्यालाही तितकेच. म्हणजे दोघांची एकेक चाल होताच पटावर ४०० निरनिराळ्या स्थिती संभवतात. २०२४ साली वयाच्या अठराव्या वर्षी जगज्जेता झालेला गुकेश, किंवा २०२५ मध्ये बातुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकणारी नागपूरची दिव्या देशमुख, ही मंडळीही याच नियमांनी खेळतात. तुमच्या-माझ्यासाठी वेगळे नियम नाहीत.

त्या दिवशी सरांनी मला एक सवय लावून दिली. वजीर हातात घेण्याआधी स्वतःला विचारायचे, 'माझ्या या चालीनंतर समोरचा काय खेळेल?' पुढे अनेक डाव मी हरलो, पण हा प्रश्न विचारायला विसरलो नाही.

स्वाध्याय

१. ए१ या काळ्या घरावरचा घोडा बरोबर पाच चालींत एच८ या काळ्या घरावर पोहोचेल काय? चाली न मांडता उत्तर द्या.

२. पांढऱ्याला मोठ्या बाजूचा किल्लेकोट करायचा आहे. बी१ हे घर काळ्या हत्तीच्या माऱ्यात आहे. बाकी सर्व अटी पुऱ्या होतात. किल्लेकोट करता येईल काय?

३. घोड्याची सरासरी ५.२५ कशी आली, ते चौसष्ट घरांवर मोजून पडताळा.

उत्तरे

१. नाही. घोडा प्रत्येक चालीला रंग बदलतो. विषम चालींनंतर तो पांढऱ्या घरावरच असणार.

२. होय. राजा ई१ वरून डी१ मार्गे सी१ वर जातो. बी१ वरून फक्त हत्ती जातो.

३. ४ घरांवरून २, ८ घरांवरून ३, २० घरांवरून ४, १६ घरांवरून ६ आणि १६ घरांवरून ८ चाली मिळतात. एकूण ८ + २४ + ८० + ९६ + १२८ = ३३६. यास ६४ ने भागले की ५.२५.